सुतार पक्ष्याचें छायाचित्र : नर कीं मादी ?

पक्ष्यांमध्यें नर कोणता आणि मादी कोणती हा प्रश्न सर्व जातींत सारखाच अवघड नसतो. मोर आणि लांडोर यांतील भेद कोणासहि शिकवावा लागत नाहीं. कोंबडा कोणता आणि कोंबडी कोणती हें घरांतील लहान मूलहि सांगतें. उलटपक्षीं कावळ्यांचें जोडपें कुंपणावर शेजारीं शेजारीं येऊन बसलें, तर त्यांतील नर कोण आणि मादी कोण हें त्यांचें त्यांनाच ठाऊक. पाहणारास तें जाणण्याची सोय निसर्गानें ठेविलेली नाहीं. सुतार पक्षी या दोन टोकांच्या मध्यें येतो. त्याच्या नराचा व मादीचा आकार बहुधा जवळजवळ सारखा, पाठीचा रंग सारखा, खोडावर चढण्याची आणि हवेंत लाटेसारखें खालींवर होत उडण्याची रीतहि सारखी. सारा भेद काय तो डोक्यावरच्या अंगठ्याएवढ्या जागेंत सांठविलेला असतो. आणि कांहीं जातींत तर ती जागा एका बारीक रेघेइतकीच असते.

नुसत्या डोळ्यांनीं पाहणाराची नजर एकदां चुकली, तरी पक्षी हालतो, वळतो, मान फिरवितो आणि पुढच्याच क्षणीं चूक आपोआप दुरुस्त होते. छायाचित्र घेणाराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या हातीं एक क्षण लागतो आणि तो कायमचा तसाच राहतो. आज कॅमेरा पुष्कळांच्या घरीं आहे आणि रविवारच्या सकाळीं बागेंत किंवा टेंकडीवर जाऊन पक्ष्यांचीं छायाचित्रें घेणारी मंडळीहि थोडीथोडकी नाहींत. हीं चित्रें स्थळ, तारीख आणि पक्ष्याचें नांव यांसह जपून ठेवलीं जातात, एकमेकांस दाखविलीं जातात आणि त्यांतील बरींचशीं पुढें अभ्यासकांच्या नोंदींत जमा होतात. एखाद्या वस्तींत सुतारांचें जोडपें नांदत आहे कीं नुसता एकटा नर भटकत आहे, हें अशा नोंदींवरून ठरतें. चित्र खोटें बोलत नाहीं, असें म्हणतात. तें खरें असेल. परंतु चित्राखालीं लिहिलेला शब्द खोटा असूं शकतो आणि चित्राच्या पुण्याईवर तो खरा म्हणून खपून जातो.

सुतार पक्ष्यांविषयीं सर्वतोमुखीं असलेला नियम असा कीं, डोक्यावर लाल रंग असेल तो नर आणि नसेल ती मादी. नियम सोपा आहे आणि पुष्कळ ठिकाणीं तो उपयोगीहि पडतो. परंतु सोप्या नियमाचा दोष हा, कीं तो जेथें लागू पडत नाहीं तेथेंहि मनुष्य तो लावून मोकळा होतो. महाराष्ट्रांत सहज दिसणाऱ्या चारपांच जाती घेतल्या, तर या नियमाची मर्यादा चांगली ध्यानांत येईल.

पहिला मान अर्थातच सोनपाठी सुताराचा. कोंकणांतील नारळीच्या बागांत, देशावरच्या आमरायांत, इतकेंच नव्हे तर मुंबईपुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या आवारांतहि हा पक्षी दृष्टीस पडतो. सोन्यासारखी झळकणारी पाठ, काळी कंबर, काळ्यापांढऱ्या रेघांचा गळा आणि कर्कश हंसल्यासारखी हांक, यांमुळें तो एकदां पाहिल्यावर विसरत नाहीं. याच्या नराचें कपाळ, माथा आणि मागचा तुरा असें सर्व डोकें वरून लाल असतें. मादीचा मागचा तुराहि लालच असतो. मात्र तिचें कपाळ आणि माथ्याचा पुढचा भाग काळा असून त्यावर मोहरी पेरावी तसे बारीक पांढरे ठिपके असतात. येथेंच पहिला फसवा खड्डा आहे. पक्षी खोडाला चिकटून वर चढत असतो आणि छायाचित्रकार त्याच्या पाठीमागें उभा असतो. चित्रांत सोनेरी पाठ येते, लाल तुरा येतो, आणि चित्राखालीं 'नर' असें लिहिलें जातें. परंतु मागून दिसणारा लाल तुरा दोघांचाहि आहे. सोनपाठी सुतारांत निर्णय मागच्या बाजूस नसून कपाळावर आहे. कपाळ दिसलें नाहीं तर निर्णयहि झाला नाहीं.

दुसरा पक्षी नांवानेंच आपला आहे. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ लॅथम यानें १८०१ सालीं एका ठिपकेदार सुताराचें वर्णन केलें आणि मराठ्यांच्या मुलुखावरून त्यास शास्त्रीय नांव दिलें. तोच मराठा सुतार होय. साळुंकीहून लहान, पाठ काळपट आणि तीवर पांढरे ठिपके, असा हा पक्षी माळरानावरच्या बाभळींत आणि विरळ झाडींत राहतो. याच्या नराचें कपाळ पिवळसर तपकिरी असून माथ्याचा मागचा भाग लाल असतो. मादीचा सगळा माथा पिवळसर, त्यांत लाल रंगाचा लवलेश नाहीं. म्हणजे सोनपाठी सुतारांत लाल रंग मागें असणें ही खूण निरुपयोगी, तर मराठा सुतारांत तीच खूण निर्णायक. शिवाय या जातींत आणखी एक गंमत आहे. नर असो कीं मादी असो, दोघांच्याहि पोटावर लाल रंगाचा एक पट्टा असतो. पक्षी उंच फांदीवर असला आणि चित्र खालून घेतलें, तर डोकें फांदीआड जातें आणि पोटावरचा लाल रंग तेवढा स्पष्ट उमटतो. 'लाल दिसला, म्हणजे नर' हा नियम घोकलेला मनुष्य येथें हमखास फसतो.

तिसरा तपकिरी डोक्याचा बुटका सुतार. हा चिमणीएवढाच. याच्या नराच्या डोळ्यामागें, माथ्याच्या कडेला, लाल पिसांची एक अतिशय बारीक रेघ असते, आणि पुष्कळदां तीहि शेजारच्या पिसांखालीं झांकलेली राहते. वारा सुटला किंवा पक्ष्यानें पिसें फुलविलीं म्हणजे ती क्षणभर दिसते. मादीस ही रेघ नसते. आतां समजा, एका सकाळीं या पक्ष्याचीं दहा छायाचित्रें मिळालीं आणि नऊंत रेघ दिसली नाहीं, दहाव्यांत दिसली. एकच पक्षी असेल, तर तो दहाहि चित्रांत नरच होता. छायाचित्रकारानें नऊच चित्रें घेतलीं असतीं, तर त्यानें मोठ्या विश्वासानें त्यास मादी ठरविलें असतें.

तांबूस सुताराची खूण याहून वेगळ्या जागीं आहे. तपकिरी तांबूस अंगाचा आणि काळ्या आडव्या रेघांचा हा पक्षी झाडावर घरें करणाऱ्या मुंग्यांच्या वारुळांतच आपलें घरटें पोखरतो. याच्या नराच्या डोळ्याखालीं लाल पिसांचा एक लहानसा डाग असतो. मादीस तो नसतो. अंगाचाच रंग तांबूस असल्यामुळें हा डाग सावलींत वेगळा उठून दिसत नाहीं.

आणि मग अशा दोन जाती येतात, कीं जेथें 'लाल आहे कीं नाहीं' या प्रश्नानें सगळें उत्तर मिळत नाहीं. पांढऱ्या मानेच्या सुताराचा नर लाल तुऱ्याचा, पण मादीचा तुरा चक्क पिवळा असतो. तेथें मादीस स्वतःचा असा रंग आहे. सह्याद्रींतील दाट अरण्यांत पंखांवर हृदयाच्या आकाराचे काळे ठिपके मिरविणारा एक ठेंगणा सुतार असतो. त्याच्या जोडप्यांत लाल रंग कोणाच्याच डोक्यावर नाहीं. नराचें कपाळ काळें आणि मादीचें पांढरट. लाल रंगाचा नियम पाठ करून गेलेल्या माणसास या जातींत सारा रानभर एकहि नर सांपडावयाचा नाहीं.

या उदाहरणांतून एक तत्त्व निघतें आणि तें पक्ष्यांपुरतेंच नाहीं. खूण असणें हा पुरावा आहे. खूण न दिसणें हा बहुधा पुरावा नव्हे. सोनपाठी मादीच्या कपाळावरचे पांढरे ठिपके, पांढऱ्या मानेच्या सुतारमादीचा पिवळा तुरा, ठेंगण्या सुतारमादीचें पांढरट कपाळ या प्रत्यक्ष असलेल्या खुणा आहेत. त्या चित्रांत उमटल्या कीं प्रश्न मिटला. परंतु बुटक्या सुताराची आणि तांबूस सुताराची मादी ही केवळ नराची खूण 'नसल्यावरून' ओळखावयाची असते. अशा ठिकाणीं डोक्याच्या दोन्ही बाजू स्वच्छ उजेडांत पाहिल्याखेरीज 'मादी' हा शब्द लिहिणें म्हणजे साक्षीदार बोलला नाहीं म्हणून आरोपीस निर्दोष ठरविण्यासारखें आहे.

छायाचित्राच्या यंत्राचेहि यांत कांहीं गुणदोष मिसळतात. जुन्या काळच्या कांचांवर आणि फिल्मवर जें रासायनिक लेपन असे, तें दीर्घकाळ लाल रंगाला आंधळें होतें. त्यावर लाल वस्तु काळी उमटे. सुतार पक्ष्यांच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं, नराचा लाल माथा आणि मादीचा काळा माथा त्या कांचेवर एकाच रंगाचे होत. पुढें सर्व रंग जाणणारी फिल्म आली, तरी काळ्यापांढऱ्या चित्रांत लाल रंग ही करड्याची एक छटाच राहिली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत लाल रंग लाल दिसतो खरा, पण तेथेंहि दोन अडचणी आहेत. भर उन्हांत लाल पिसें इतकीं भडक उमटतात, कीं त्यांतील बारकावे जाऊन तेथें रंगाचा एक सपाट गोळा होतो, आणि माथ्यावरचे बारीक ठिपके त्यांत बुडून जातात. उलट आभाळ पाठीशीं असेल तर पक्षी सावलीसारखा काळा पडतो आणि लाल व काळा यांतील भेदच राहत नाहीं. म्हणून सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागें असावा, सकाळचा पहिला किंवा संध्याकाळचा शेवटचा उजेड असावा, आणि प्रकाश कमीजास्त करून एकाच पक्ष्याचीं अनेक चित्रें घ्यावीं, हा साधा उपदेश येथें दुप्पट मोलाचा ठरतो.

पक्ष्याच्या संवयी जाणल्या तर पुष्कळसें काम सोपें होतें. सुतार पक्षी झाडाच्या बुंध्याकडून आरंभ करतो, खोडाभोंवतीं वळसे घेत वर चढतो आणि वर पोंचला कीं उडून पुढच्या झाडाच्या खालच्या भागावर जाऊन बसतो. म्हणून तो जेथें आहे तेथें भिंग रोखण्यापेक्षां तो जेथें येणार आहे तेथें रोखून थांबणें शहाणपणाचें. मनुष्य दिसला कीं तो खोडाच्या पलीकडे सरकतो. अशा वेळीं त्याच्यामागें झाडाला प्रदक्षिणा घालणाऱ्यास तो कधींच सांपडत नाहीं. स्तब्ध उभे राहिलें म्हणजे थोड्याच वेळानें एक चोंच आणि एक डोळा खोडाच्या कडेवरून डोकावतो, आणि याच क्षणीं कपाळ, माथा व गाल ही सर्व महत्त्वाची जागा बाजूनें दिसते. टोले मारतांना त्याचें डोकें इतक्या वेगानें हालतें, कीं वाजविण्याच्या भरांत एका सेकंदास दहापेक्षांहि अधिक टोले पडतात; त्या वेळीं घेतलेल्या चित्रांत डोक्याच्या जागीं धुरकट डाग येतो. परंतु दर थोड्या टोल्यांनंतर तो थबकतो, मान मागें घेतो आणि इकडे तिकडे पाहतो. निष्णात छायाचित्रकार टोल्यांचें नव्हे तर या विसाव्याचें चित्र घेतात.

खुणा ओळखतां येऊं लागल्या तरी वयाचा घोटाळा उरतोच. पिलें ढोलींतून बाहेर पडतात तेव्हां त्यांचा पोशाख मोठ्यांच्या पोशाखासारखा नसतो. याचें प्रसिद्ध उदाहरण युरोपांतील मोठ्या ठिपकेदार सुताराचें आहे. त्या जातींत प्रौढ नराच्या मानेच्या मागें लाल पट्टा असतो, माथा काळा. प्रौढ मादीच्या डोक्यावर लाल मुळींच नाहीं. परंतु त्यांचीं पिलें, मग तीं नर असोत वा मादी, लाल माथ्यानें जन्मवर्षाचा उन्हाळा काढतात. तेथील बागांत जून महिन्यांत लाल टोपीचा सुतार दिसला तर तो बापहि नव्हे आणि आईहि नव्हे. तें मूल होय. आपल्याकडील जातींतहि लहान पक्ष्यांचे रंग मळकट आणि खुणा अस्पष्ट असतात. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडीं घेतलेल्या चित्रांविषयीं निवाडा देण्याची विशेष घाई करूं नये.

येथें कोणी विचारील, कीं माणसानें एवढा खटाटोप करून जें शोधावयाचें, त्याचें पक्ष्यांना स्वतःला कांहीं महत्त्व आहे काय? त्याचें उत्तर एका सुंदर प्रयोगानें दिलेलें आहे. उत्तर अमेरिकेंत जमिनीवर मुंग्या वेंचणारा 'फ्लिकर' नांवाचा सुतार आढळतो. त्याच्या पूर्वेकडील जातींत मानेच्या मागचा लाल पट्टा नर व मादी या दोघांसहि असतो. भेद आहे तो मिशीचा. नराच्या चोंचीपासून गालावर एक काळी मिशी उतरते, मादीस ती नसते. न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेंतील प्राणिशास्त्रज्ञ जी. के. नोबल यांनीं एका जोडप्यांतील मादी पकडली, तिच्या गालांवर काळी मिशी लावली आणि तिला पुन्हां सोडून दिलें. तिचा स्वतःचा जोडीदार तिच्यावर परका नर समजून तुटून पडला. मिशी काढून टाकल्यावर मात्र त्यानें तिचा पूर्ववत् स्वीकार केला. नोबल यांनीं हें निरीक्षण १९३६ सालीं प्रसिद्ध केलें. ज्याच्याबरोबर ढोली कोरली, त्या जोडीदाराचीहि ओळख गालावरच्या दोन बोटभर पिसांपुढें टिकली नाहीं. छायाचित्रकार ज्या खुणेच्या शोधांत असतो, तीच खूण पक्षीहि पाहत असतो. फरक इतकाच कीं पक्ष्याच्या बाबतींत चुकीचें मोल भांडणानें चुकतें करावें लागतें.

नरमादींतील भेद रंगावरच थांबतो असेंहि नाहीं. कॅरिबियन समुद्रांतील हिस्पॅनिओला बेटावरील सुताराच्या नराची चोंच मादीच्या चोंचीपेक्षां स्पष्टपणें लांब असते, आणि त्यामुळें दोघें एकाच झाडावर निरनिराळ्या रीतीनें भक्ष्य शोधतात. रॉबर्ट सेलँडर या शास्त्रज्ञानें १९६६ सालीं हें सविस्तर मांडलें. एकाच रानांत राहणाऱ्या जोडप्यानें एकमेकांच्या तोंडचा घांस काढून घेऊं नये, अशीच ही जणूं वांटणी आहे. अशा गोष्टी कळतात त्या, पाहणारानें प्रत्येक नोंदींत नर आणि मादी हे शब्द जबाबदारीनें लिहिले असतील तरच. दोन्ही एकत्र मिसळलीं, तर त्यांची सरासरी निघते आणि सत्य हरवतें.

संसारांतहि सुतारांची कामाची वांटणी असते आणि ती छायाचित्रकारानें अवश्य जाणावी. ढोली कोरण्याचें काम दोघेंहि करतात, अंडीं उबविण्याचें कामहि दोघें आळीपाळीनें करतात. परंतु या कुळांतील बहुतेक जातींत रात्रीं अंड्यांवर बसण्याचें काम नराकडे असतें. संध्याकाळीं उशीरां ढोलींत शिरणारा आणि पहांटे प्रथम तोंड बाहेर काढणारा पक्षी बहुधा नर असतो. ही माहिती रंगावरून केलेल्या निर्णयास दुजोरा देण्यापुरती चांगली. रंगाऐवजीं तिच्यावर विसंबूं नये.

मात्र याच ठिकाणीं एक धोका आहे, आणि तो चुकीच्या नांवापेक्षां मोठा आहे. ढोलीवर पक्षी पुन्हां पुन्हां येतो, ठराविक जागीं बसतो, तोंड उजेडाकडे करतो. म्हणून ढोलीसमोर ठाण मांडणें हा चित्र मिळविण्याचा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. दोघांचीहि डोकीं एकाच चौकटींत मिळावीं, नर पिलांस भरवितांना आणि मादी पाळी घेतांना दिसावी, हा मोह मोठा असतो. परंतु माणूस जवळ उभा आहे तोंवर आईबाप चोंचींत मुंग्या घेऊन शेजारच्या झाडावर थांबून राहतात, आणि आंत पिलें उपाशी राहतात. समोरची अडचणीची फांदी छाटली, तर आजवर झांकलेली ढोली शिकाऱ्यांना उघडी पडते. हल्लीं यंत्रांतून नराची हांक वाजवून खऱ्या नरास पुढें ओढण्याची रीतहि पुष्कळांनीं उचलली आहे. तो येतो तो पाहुण्याच्या स्वागतास नव्हे, तर आपल्या हद्दींत शिरलेल्या वैऱ्यास हांकलून देण्यास. आणि त्या वेळांत त्याचें घरचें काम पडून राहतें. आपल्या देशांतील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें याचा समावेश 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येंत केला आहे. बंदूक हातीं धरणारासच शिकारी म्हणतात असें नाहीं.

सुताराची ढोली ही केवळ सुताराची नसते. त्यानें सोडून दिलेल्या ढोल्यांत पुढें पोपट, मैना, दयाळ आणि पिंगळे संसार थाटतात. त्यांस स्वतःला लांकूड कोरतां येत नाहीं. वठलेलें झाड पाहिलें कीं तें निरुपयोगी म्हणून तोडण्याची घाई शहरांत फार. रस्त्यावर पडून अपाय होईल असें झाड काढावें लागतें हें खरें. पण बागेच्या कोपऱ्यांतील, कोणाच्या वाटेंत नसलेलें वठलेलें खोड तसेंच राहूं दिलें, तर तें पक्ष्यांच्या पांचसहा कुटुंबांचें घर होऊं शकतें.

झाडें गेलीं म्हणजे काय होतें, आणि त्या वेळीं नर कीं मादी या साध्या प्रश्नास कसें भयंकर महत्त्व येतें, हें अमेरिकेंतील हस्तिदंती चोंचीच्या सुताराच्या इतिहासावरून दिसतें. हा जगांतील सर्वांत मोठ्या सुतारांपैकीं एक. अंग काळें, पंखांवर मोठे पांढरे भाग आणि चोंच हस्तिदंतासारखी. नराचा तुरा लाल, मादीचा तुरा संपूर्ण काळा. त्याच प्रदेशांत राहणाऱ्या दुसऱ्या एका मोठ्या सुताराच्या नराचा आणि मादीचाहि तुरा लाल असतो. त्यामुळें काळ्या तुऱ्याचा एवढा मोठा सुतार दिसला, तर तो फक्त हस्तिदंती चोंचीची मादीच असूं शकतो.

१९३५ सालीं कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक आर्थर अॅलन हे आपल्या सहकाऱ्यांसह लुइझियाना राज्यांतील टेन्सास नदीकांठच्या 'सिंगर ट्रॅक्ट' नांवाच्या जुन्या अरण्यांत गेले. त्यांनीं या पक्ष्यांचीं छायाचित्रें व चलच्चित्रें घेतलीं आणि त्यांचा आवाजहि मुद्रित केला. त्या तुकडींतील जेम्स टॅनर या तरुणानें १९३७ ते १९३९ या काळांत या पक्ष्याचा कसून अभ्यास केला, आणि त्याचा ग्रंथ १९४२ सालीं प्रसिद्ध झाला. संपूर्ण देशांत हे पक्षी दोन डझनांच्या आसपासच उरले असावेत, असा त्याचा अंदाज होता. नुकत्याच वठलेल्या मोठ्या झाडांच्या सालीखालचे किडे हें त्यांचें अन्न. आणि तीं झाडें जुन्या अरण्याखेरीज कोठें मिळणार? अरण्य वांचविण्याचे प्रयत्न झाले, पण ते फसले आणि तोड चालूच राहिली.

१९४४ सालच्या एप्रिल महिन्यांत डॉन एकेलबेरी हा तरुण चित्रकार त्या अरण्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत गेला. तेथें एक पक्षी शिल्लक असल्याची वार्ता होती. तो त्यास दिसला. त्याचा तुरा काळा होता. म्हणजे ती मादी होती. एकेलबेरीनें तेथें राहून तिचीं रेखाटनें केलीं. संध्याकाळीं ती आपल्या ढोलीकडे परत येई, आणि तिच्या हांकेस उत्तर देणारें दुसरें कोणी नव्हतें. अमेरिकेंतील या पक्ष्याचें, सर्व अभ्यासकांस निर्विवाद मान्य असलेलें, हें शेवटचें दर्शन होय. तुऱ्याचा रंग काळा कीं लाल, एवढ्या एका गोष्टीनें तेथें सारी कथा सांगितली. जोडपें असतें तर आशा होती. ती एकटी होती, आणि तिच्या जातीचा नर कोठेंहि नव्हता.

पुढें २००४ सालीं आर्कान्सॉ राज्यांत घेतलेल्या एका हालत्या, अस्पष्ट चलच्चित्रावरून हा पक्षी अद्याप जिवंत असल्याचें २००५ सालीं जाहीर झालें, आणि विद्वानांत मोठा वाद माजला. त्या चित्रांत जातीचाच निर्णय होईना, मग नरमादीची गोष्ट दूरच. २०२१ सालीं अमेरिकन सरकारच्या खात्यानें त्यास नष्ट झालेला मानण्याचा प्रस्ताव मांडला. २०२३ सालीं दुसऱ्या २१ जीवजातींची नांवें त्या कारणास्तव यादींतून काढलीं, पण या पक्ष्याचा निर्णय त्यांतून वगळला. एक स्पष्ट छायाचित्र मिळालें असतें, तर वीस वर्षांचा वाद एका दिवसांत मिटला असता.

आपल्याकडील सोनपाठी आणि मराठा सुतारांवर तसा प्रसंग आलेला नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. ते अजून आपल्या बागांत आहेत आणि त्यांची टकटक गच्चीवर उभें राहूनहि ऐकूं येते. म्हणूनच त्यांच्या नोंदी आतां, ते विपुल असतांनाच, नीट ठेवण्यासारख्या आहेत. छायाचित्राच्या खालीं स्थळ आणि तारीख लिहावी. पक्ष्याच्या डोक्याची कोणती बाजू दिसली तें लिहावें. कपाळावरचे ठिपके, माथ्यावरचा रंग, गालावरचा डाग यांपैकीं जें प्रत्यक्ष चित्रांत आहे तेवढेंच लिहावें. आणि शेवटीं तीन शब्दांतील एक शब्द निवडावा : नर, मादी, किंवा अनिश्चित. या तिसऱ्या शब्दाची पुष्कळांस लाज वाटते. वस्तुतः तोच सर्वांत प्रामाणिक आहे. कारण तो लिहिणारा दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां त्या झाडाखालीं जातो, आणि ज्यास सर्व कळलें आहे तो घरीं बसतो.